‘मदरशिप’ची डिलक्स पेटी: आधी दिलेले पैसे वसूल होतात का?

अवकाशयानावर पगारी काम करणारे चारपाच जण. समोर असं काहीतरी, ज्याच्याशी लढायचं कुणी शिकवलेलं नाही. हाताशी असतं ते कामाचंच अवजार. ‘मदरशिप’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा हॉरर रोलप्लेइंग गेम एवढ्याच भांडवलावर उभा आहे. शॉन मकॉय यांनी लिहिलेली त्याची खेळाडू पुस्तिका २०१८ मध्ये आली. तिची पीडीएफ ‘परवडेल ते द्या’ या बोलीवर मिळायची. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ट्यूसडे नाइट गेम्स या छोट्या अमेरिकी प्रकाशनाने पहिल्या आवृत्तीच्या पेटीसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मोहीम काढली आणि १४ लाख डॉलरच्या घरात रक्कम जमली. बऱ्याच बॅकरांच्या, म्हणजे आगाऊ पैसे दिलेल्यांच्या, हातात पेटी पडेपर्यंत २०२४ उजाडलं.

उशीर झाला हे खरंच. पण पेटी उघडून एकेक पुस्तिका चालवून पाहिली की ध्यानात येतं, की यातला सगळ्यात भक्कम भाग पैसे गोळा होण्याआधीच लोकांनी खेळून खेळून घासूनपुसून घेतलेला होता. मोहिमेमुळे जे नव्याने जोडलं गेलं, त्यातलं निम्मं उत्तम आहे आणि निम्मं नसतं तरी चाललं असतं. एखाद्या स्वतंत्र हॉरर गेमवर पैसे लावायचे की नाही हे ठरवताना हा हिशोब कामाला येतो, म्हणून इथे पेटीबरोबर मोहिमेचंही परीक्षण आहे.

साध्या, म्हणजे कोअर पेटीत पाच पातळ पुस्तिका आहेत: खेळाडूंसाठी ‘प्लेयर्स सर्व्हायव्हल गाइड’, खेळ चालवणाऱ्यासाठी (त्याला इथे वॉर्डन म्हणतात) ‘वॉर्डन्स ऑपरेशन्स मॅन्युअल’, यानांसाठी ‘शिपब्रेकर्स टूलकिट’, राक्षसांसाठी ‘अनकन्फर्म्ड कॉन्टॅक्ट रिपोर्ट्स’ आणि ‘अनदर बग हंट’ हे नवशिक्यांसाठीचं साहस, म्हणजे खेळायला तयार कथानक. सोबत वॉर्डनचा पडदा, पुठ्ठ्याच्या उभ्या आकृत्या, नकाशा आणि फासे. डिलक्समध्ये यावर तीन साहसं जास्तीची: ‘डेड प्लॅनेट’, ‘अ पाउंड ऑफ फ्लेश’ आणि ‘ग्रेडियंट डिसेंट’. ही तिन्ही आधी सुटी प्रसिद्ध झालेली आहेत, इथे ती नव्या नियमांना जुळवून घेतली आहेत.

खेळाडू पुस्तिकेचा जीव नियमांत आहे, आणि नियमांचा जीव स्ट्रेसमध्ये. पात्राला चार गुण असतात: ताकद, वेग, बुद्धी, लढाई. प्रत्येकासाठी दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरजेत २५ मिळवायचे. सॅनिटी, फिअर आणि बॉडी हे तीन सेव्ह, म्हणजे संकटात तग धरण्याचे आकडे; त्यांत २५ ऐवजी १० मिळवायचे. म्हणजे गुण सरासरी ३६ आणि सेव्ह सरासरी २१. काही धोक्याचं करायचं झालं की ० ते ९९ मधला आकडा टाकायचा, तो गुणापेक्षा कमी पडला तर जमलं. नाही जमलं तर जे व्हायचं ते होतंच, वर एक स्ट्रेस वाढतो. सुरुवात २ स्ट्रेसपासून.

हा स्ट्रेस वसूल होतो पॅनिकच्या वेळी. वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा स्ट्रेसपेक्षा मोठा आला तर पात्र सावरतं. स्ट्रेसइतका किंवा त्याहून लहान आला, तर तोच आकडा पॅनिकच्या तक्त्यात बघायचा. मेख इथेच आहे. स्ट्रेस २ असताना पॅनिक होण्याची शक्यता १० टक्के, आणि झालंच तरी तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळींपलीकडे जाता येत नाही. त्यातली पहिली ओळ तर उलट फायद्याची आहे: अंगात एकदम बळ येतं आणि काही मिनिटं सगळे फासे सवलतीने (दोनदा टाकून चांगला आकडा धरून) टाकता येतात. स्ट्रेस १२ झाला की शक्यता ६० टक्के आणि तक्त्याचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा. विसाव्या ओळीवर पात्र खेळातून कायमचं बाद होतं, पण ती ओळ गाठायला स्ट्रेसही २० च हवा. भीती किती वाढली हे वॉर्डनला आवाज खोल करून सांगावं लागत नाही. खेळाडूच्या कागदावर ते आकड्यात दिसत असतं आणि तो स्वतःच जपून वागायला लागतो.

चार वर्ग आहेत: मरीन, अँड्रॉइड (माणसासारखा यंत्रमानव), सायंटिस्ट आणि टीमस्टर. पहिल्या तिघांचा ताण दुसऱ्याच्या अंगावर येतो, ही यातली सगळ्यात हुशार जोडणी. मरीनला पॅनिक झालं की जवळच्या प्रत्येक साथीदाराला फिअर सेव्ह टाकावा लागतो. सायंटिस्टचा सॅनिटी सेव्ह हुकला की जवळच्यांचा स्ट्रेस एकेकाने वाढतो. अँड्रॉइडला फिअर सेव्हवर ६० मिळतात, तो सहसा घाबरत नाही. पण तो शेजारी उभा असला की माणसांना फिअर सेव्ह अडचणीत (दोनदा टाकून वाईट आकडा धरून) टाकावे लागतात. टीमस्टर बिचारा साधा कामगार. त्याच्या सगळ्या गुणांत ५ आणि सगळ्या सेव्हमध्ये १०, शिवाय सत्रात एकदा पॅनिकचा फासा सवलतीने. पहिल्यांदा खेळणाऱ्याला टीमस्टरच द्यावा.

पात्राचा कागद स्वतःच पायऱ्या सांगतो. बाण धरून जायचं, आकडे भरायचे, कौशल्यांच्या झाडातून निवडायचं. कौशल्य तीन पातळ्यांचं, १०, १५ आणि २० मिळवून देणारं. पुस्तिका न वाचलेला माणूसही पंधरा मिनिटांत तयार होतो. बाजारातल्या अनेक महागड्या गेमांना हे अजून साधलेलं नाही.

आणि मरणाचा फासा. पात्राच्या जखमा कमाल मर्यादेला पोचल्या की वॉर्डन दहा बाजूंचा एक फासा पेल्याखाली टाकतो आणि पेला तसाच टेबलावर ठेवतो. कुणी जवळ जाऊन नाडी बघेपर्यंत तो उचलायचा नाही. ० आला तर नुसती बेशुद्धी, १-२ आला तर काही फेऱ्यांत मदत नाही मिळाली तर मरण, ३-४ म्हणजे कोमा, ५ ते ९ म्हणजे संपलं. म्हणजे निम्म्या वेळा तो माणूस आधीच गेलेला असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी गोळ्यांच्या माऱ्यातून सरपटत येतात. स्टीलचा साधा पेला चालतो. काचेचा घेऊ नये, आकडा दिसतो. पेल्याखाली फासा ठेवायला एक रुपयाही लागत नाही, आणि सबंध पेटीतली सगळ्यात जास्त लक्षात राहणारी गोष्ट हीच आहे.

आता बिघडतं कुठे? वॉर्डन इतर गेमांच्या सवयीने ऊठसूट फासे मागतो. गुण सरासरी ३६ असेल तर दहापैकी साधारण सहा वेळा हुकणार. दहा फासे टाकले की स्ट्रेस २ वरून ८ वर, आणि पॅनिकची शक्यता ४० टक्के. राक्षस अजून दिसलेलाही नाही. खेळाडू मग म्हणतात, आमची माणसं साधं दारही उघडू शकत नाहीत. यावर उतारा वॉर्डनच्या पुस्तिकेत आहे: वेळ हाताशी असेल, अवजार असेल आणि काम येत असेल तर फासा मागायचाच नाही, काम झालं. फासा फक्त तेव्हा, जेव्हा हुकल्यावर खरोखर काही गमवायचं असतं. आणि हुकलं म्हणजे दार उघडलंच नाही असं नाही. दार उघडलं, पण आवाज झाला.

दुसरी अडचण लपण्याची. कौशल्यांच्या यादीत चोरपावलांनी चालण्याचं कौशल्य नाही. हे राहून गेलेलं नाही, मुद्दाम आहे. लपणं हा हॉररचा गाभा. तो एका फाशात उरकला तर मग खेळायचं काय? खेळाडूने सांगायचं, कुठे लपतो, श्वास कसा धरतो, टॉर्चचं काय करतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमवरून आलेल्या मंडळींना पहिला तास हे जड जातं. त्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेलं बरं, तसंच लढाईचंही. चिलखताचे गुण नुकसानाइतके किंवा त्याहून कमी असले की चिलखत तिथल्या तिथे निकामी होतं. समोरासमोर मारामारी करणारा गट दुसऱ्या फेरीपर्यंत अर्धा उरतो.

स्ट्रेस उतरवायला विश्रांती आहे. सहा तास झोपायचं आणि सगळ्यात कमी असलेल्या सेव्हवर फासा टाकायचा. जमलं तर एककाच्या जागी जो अंक असेल तेवढा स्ट्रेस कमी. सेव्ह ३० असेल आणि २४ पडले तर ४ उतरले. २० पडले तर यश मिळूनही काहीच नाही. हुकलं तर झोपूनही एक वाढला. नवे वॉर्डन एककाच्या अंकाऐवजी सगळा आकडाच वजा करून टाकतात आणि मग खेळातला दबाव नाहीसा झाल्याची तक्रार करतात.

वॉर्डनची पुस्तिका मोहिमेतून आली आणि तिच्यासाठी वाट पाहणं सार्थकी लागलं, हे नि:संकोच म्हणता येतं. भीतीची गोष्ट रचायला तिने पाच टप्पे दिले आहेत: कुणीतरी मर्यादा ओलांडतो, मग खुणा दिसू लागतात, मग ते प्रकट होतं, मग त्याला हाकलायचा मार्ग सापडतो, आणि शेवटी ते पुन्हा निद्रिस्त होतं, पुढच्या वेळेपर्यंत. पिंपळाची फांदी तोडली, घरात आजारपणं सुरू झाली, मुंज्या दिसला, उतारा झाला, आणि पुढच्या पिढीपर्यंत शांतता. गावाकडे ऐकलेली कुठलीही गोष्ट या सांगाड्यात बसते. मराठी गटाने अवकाशयान सोडून जुन्या वाड्यात खेळ न्यायचा ठरवला तरी हीच पुस्तिका पुरेल.

‘अनदर बग हंट’ चार भागांचं आहे. सॅम्सा ६ नावाच्या ग्रहावरच्या ग्रेटा बेसशी संपर्क तुटला आहे आणि कंपनीने पथक धाडलं आहे. पहिला भाग सुटा घेतला तरी तीन-चार तासांत उरकतो. वॉर्डनसाठी समासात शिकवण्या दिल्या आहेत: इथे हा नियम ओळखीचा करून द्या, इथे घाई करू नका. एक गोष्ट सांभाळायची. कुणाला बाधा झाली आणि ती कुठवर आली, याची नोंद वॉर्डनने आपल्या वहीत गुपचूप ठेवायची असते. ती ठेवली नाही तर तिसऱ्या भागापर्यंत सगळेच विसरतात आणि साहसाचा काटाच निघून जातो.

‘शिपब्रेकर्स टूलकिट’ यानांचे नकाशे बघायला सुंदर आहे, पण जहाजांच्या लढाईचे नियम बहुतेक गट उघडतही नाहीत. पुठ्ठ्याच्या आकृत्यांचंही तेच. अंतर इथे ढोबळच मोजतात, त्यामुळे त्या पेटीतच राहतात. राक्षसांची पुस्तिका वाचायला मजेची आहे आणि त्यातल्या एखाद्या चित्रावरून संध्याकाळचा खेळ रचता येतो.

डिलक्समधल्या तीन साहसांपैकी ‘डेड प्लॅनेट’ घ्यावं ते त्यातल्या तक्त्यांसाठी. भरकटलेलं, बेवारस यान फाशांवर तयार करायची जी पद्धत त्यात आहे, ती कुठल्याही गेममध्ये वापरता येते. मूळ गोष्ट, म्हणजे जिथून यानाला परत निघता येत नाही असा ग्रह, मात्र खेळाडूंना कोंडते आणि सगळ्यांना ते रुचत नाही. ‘अ पाउंड ऑफ फ्लेश’मधलं प्रॉस्पेरोज ड्रीम हे अवकाशस्थानक श्वासाचेही पैसे घेतं, तिथे हॉररपेक्षा उधारी जास्त भीती घालते. अनेक सत्रांची लांब गोष्ट चालवणाऱ्यांना ते तळ म्हणून लागतंच. ल्यूक गिअरिंगचं ‘ग्रेडियंट डिसेंट’ या तिघांत सरस आहे. मोनार्क नावाच्या कृत्रिम बुद्धीने चालवलेला प्रचंड कारखाना, आणि आत जितका वेळ काढाल तितकी शंका वाढत जाते की आपण माणूस आहोत की तिथेच बनलेला अँड्रॉइड. पण पहिल्याच महिन्यात ते काढू नये. खोल्या भरपूर, वर्णनं त्रोटक, आणि वॉर्डनचा हात बसलेला नसेल तर ती नुसती खोल्यांची यादी होते.

आता मोहिमेकडे. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम जमली तरच कार्डावरून पैसे कापले जातात, तेही मोहीम संपल्यावर. जमलेल्यातले ५ टक्के किकस्टार्टर ठेवून घेतं आणि पैसे वळते करण्याचा खर्च आणखी ३ ते ५ टक्के. उरलेल्यात छपाई, चित्रकार, गोदाम आणि टपाल. प्रकल्प रखडला तर किकस्टार्टर पैसे परत करत नाही. उत्तर द्यायची जबाबदारी प्रकल्प काढणाऱ्याची. उशिराची कारणं बहुतेक वेळा तीच ती: पैसे जास्त जमले की वाढीव उद्दिष्टं जाहीर होतात, प्रत्येक उद्दिष्ट म्हणजे आणखी एक लिहायची पुस्तिका, आणि पेटीत एक वस्तू जरी अपुरी असली तरी अख्खी पेटी थांबते. फासे तयार, पडदा तयार, पण एका पुस्तिकेचं संपादन बाकी, तर सगळंच गोदामात. त्यात २०२१-२२ मध्ये जहाजवाहतुकीचे दर आभाळाला भिडले होते. ‘मदरशिप’ने यातून मार्ग काढला तो पीडीएफ टप्प्याटप्प्याने आधी देऊन, छापील पेटी यायच्या आधीच बॅकर नवे नियम खेळत होते. जी मोहीम पीडीएफही पेटीबरोबरच देऊ म्हणते तिच्यापासून जरा लांबच राहावं.

हॉरर गेमची मोहीम तपासताना चित्रांना भुलायचं नाही. चित्रं काळी, लाल आणि झकास असणारच. विचारायचं हे, की भीती निर्माण करणारा नियम कुठला, आणि तो आज वाचायला मिळतो का? विनामूल्य पीडीएफ किंवा दहा-बारा पानांची खेळण्याजोगी झलक असेल तर एक संध्याकाळ काढून चार जणांत खेळून बघावी. तसं काही नसेल, ‘अनोखी भयप्रणाली’ एवढंच लिहिलेलं असेल, तर वाट पाहावी. बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या सुमाराला किकस्टार्टरवर झाइन क्वेस्ट भरतं. २०१९ पासून सुरू झालेल्या या उपक्रमात पातळ, एकाच पुस्तिकेचे प्रकल्प असतात आणि ते पेट्यांच्या मानाने पुष्कळ कमी रखडतात. ‘मदरशिप’ला जोडून इतरांनी काढलेली साहसंही अशीच छोट्या मोहिमांतून येतात, कारण प्रकाशनाने त्यासाठीचा परवाना सढळ ठेवला आहे.

भारतातून पैसे लावताना आणखी दोन-तीन गाठी सोडवाव्या लागतात. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरती चालू असतात. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावे लागतात. पैसे मोहिमेच्या शेवटी कापले जात असल्यामुळे तोपर्यंत ते बंद करून ठेवलं की व्यवहार फसतो. किकस्टार्टर सात दिवसांची मुदत देतं, त्यात कार्ड बदलता येतं. ईमेल बघत राहावा. टपालखर्च बहुधा नंतर, पत्ता भरून घेताना वेगळा आकारला जातो, आणि पुठ्ठ्याच्या जड पेटीचा तो अमेरिकेहून इथे आणायचा म्हणजे किमतीच्या जवळ पोचतो. वर सीमाशुल्क. छापील पुस्तकावर ते २०१९ पासून ५ टक्के आहे, पण फासे आणि आकृत्या असलेली पेटी पुस्तक म्हणून धरली जाईल या भरवशावर राहू नये. कुरिअरवाला दारात पैसे मागणार असं धरूनच हिशोब करावा.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी खेळाडू पुस्तिकेची विनामूल्य पीडीएफ. मूळ पुस्तिका साडेपाच बाय साडेआठ इंची आहे, म्हणजे ए५ च्या अगदी जवळ. ए४ कागदावर ‘बुकलेट’ आणि ‘फिट टू पेज’ निवडून दोन्ही बाजूंनी छापली की मधून दुमडून दोन पिना मारायच्या. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं येतात, घाबरू नये. एक-दोन खेळ झाले आणि गट परत मागू लागला, तर वॉर्डनची पुस्तिका आणि ‘अनदर बग हंट’ यांच्या पीडीएफ विकत घ्याव्यात. तेवढ्यावर सहा महिने निघतात. छापील हवीच असेल तर कोअर पेटी पुरे. डिलक्स त्याच गटाने घ्यावी ज्याला ‘ग्रेडियंट डिसेंट’ नक्की खेळायचं आहे, आणि तीसुद्धा चौघांत मिळून एकच, कारण वॉर्डन टेबलावर एकच असतो आणि खेळाडू पुस्तिकेच्या प्रती झेरॉक्सवाल्याकडे निघतात.